भोक बुजवलं की अर्धशिशी थांबते का?

डोकं सारखं उठतं म्हणून तपासण्या सुरू होतात. एमआरआय नॉर्मल येतो. मग कुणीतरी एको करायला सांगतं आणि रिपोर्टच्या तळाशी एक शब्द सापडतो: पीएफओ. घरी पोचेपर्यंत त्याचं 'हृदयाला भोक आहे' असं झालेलं असतं. फोनवर शोधलं की या भोकाचा अर्धशिशीशी संबंध आहे, असंही वाचायला मिळतं. मग ते बुजवलं तर डोकेदुखी कायमची जाईल का, हा प्रश्न पडणं साहजिकच आहे.

संबंध खरा आहे. तरीही बहुतेकांसाठी या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेतलं तर बराच खर्च, बरीच भीती आणि कधीकधी एक अनावश्यक प्रोसीजर टळते.

आधी त्या 'भोका'बद्दल. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात. प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. हे ताजं रक्त हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात शिरतं. तिथून फुप्फुसांकडे जाण्यात काही अर्थ नसतो, म्हणून दोन्ही वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात एक वाट ठेवलेली असते. या वाटेचं नाव फोरामेन ओव्हाले. ती आरपार पाडलेल्या भोकासारखी नसते. दोन पापुद्रे एकमेकांवर थोडे चढलेले असतात आणि मधल्या फटीतून रक्त डावीकडे सरकतं. बाळ जन्मून पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, डाव्या कप्प्यातला दाब वाढतो आणि डावीकडचा पापुद्रा उजवीकडच्यावर दाबून बसतो. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि वाट कायमची बंद होते.

सुमारे दर चौथ्या माणसात ते चिकटत नाहीत. ती न चिकटलेली फट म्हणजे पेटंट फोरामेन ओव्हाले, म्हणजेच पीएफओ. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शवविच्छेदनातली ९६५ हृदयं तपासली होती आणि १९८४ साली त्याचे आकडे आले: २७ टक्के हृदयांत ही फट उघडी होती, तिचा सरासरी आकार ५ मिलिमीटरच्या आसपास होता. चारातल्या एकाला असलेल्या गोष्टीला 'दोष' म्हणताना मला तरी अडखळायला होतं.

एएसडी ही याहून वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. एएसडीत पडद्याचा तुकडाच तयार झालेला नसतो, त्यामुळे रक्त सतत डावीकडून उजवीकडे जात राहतं आणि मोठा एएसडी पुढे हृदयाच्या उजव्या बाजूला त्रास देतो. पीएफओत दार लोटलेलं असतं, फक्त कडी लावलेली नसते. एरवी डावीकडचा दाब ते मिटवून ठेवतो. खोकला, शिंक, जड पोतं उचलणं, शौचाला कुंथणं यांत छातीतला दाब वाढतो. तो सुटल्यावर अडून राहिलेलं रक्त एकदम उजव्या कप्प्यात धावून येतं. त्या दोन-तीन ठोक्यांत दार उघडतं आणि थोडं रक्त फुप्फुसांत न जाता थेट डावीकडे जातं.

ज्यांच्या हातात नवजात बाळाचा एको रिपोर्ट आहे आणि त्यावर 'पीएफओ, २ मिमी, लेफ्ट टू राइट' असं लिहिलंय, त्यांनी मनावरचं ओझं उतरवावं. पहिल्या महिन्यांत ही वाट उघडी असणं हा शरीराचा नेहमीचाच क्रम आहे. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पुन्हा एको करून घ्यावा, पण बाळाला हृदयविकार आहे असं समजून चालू नये.

आता डोक्याकडे येऊ. शिरांमधून परत येणारं रक्त फुप्फुसांतून जाताना फक्त प्राणवायूच घेत नाही, ते गाळलंही जातं. बारीक गुठळ्या तिथल्या केशवाहिन्यांत अडकतात आणि विरतात. सेरोटोनिनसारखी द्रव्यंही फुप्फुसांत मोठ्या प्रमाणावर शोषली जातात. पीएफओतून गेलेलं रक्त ही गाळणी चुकवतं. मग एखादी सूक्ष्म गुठळी किंवा न गाळलेलं द्रव्य मेंदूत पोचलं, तर अर्धशिशी ज्याच्यापासून सुरू होते असं मानतात तो विद्युत-लहरीचा प्रकार पेटू शकतो. मेंदूच्या पृष्ठभागावर पेशींची खळबळ आणि त्यामागून येणारी शांतता अशी एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटरच्या वेगाने सरकते. उंदरांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात अगदी सूक्ष्म कण आणि हवेचे बुडबुडे सोडल्यावर ही लाट सुरू होते, हे २०१० साली प्रयोगात दिसलं. गंमत अशी की बऱ्याच उंदरांत मेंदूला कायमची इजा काहीच नव्हती. लाट मात्र उठली होती.

या कल्पनेला बळ देणारं आणखी काही आहे. काही लोकांच्या फुप्फुसातच धमनी आणि शीर थेट जोडलेली असते, मध्ये गाळणारं केशवाहिन्यांचं जाळंच नसतं. यांच्या हृदयाचा पडदा अगदी धडधाकट असतो, तरी त्यांच्यातही अर्धशिशीचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणजे पडद्यातली फट हा मुद्दा नसून गाळणी चुकवणं हा मुद्दा असावा. दुसरा धागा एएसडीच्या रुग्णांकडून मिळतो. एएसडी बुजवणारं धातूचं उपकरण बसवल्यावर काही जणांना आयुष्यात पहिल्यांदाच अर्धशिशी सुरू होते. कॅनडातल्या एका चाचणीत १७१ रुग्णांपैकी अर्ध्यांना ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल हे बिंबाणू चिकटू न देणारं औषध दिलं, अर्ध्यांना ॲस्पिरिनसोबत बिनऔषधाची गोळी. पहिल्या तीन महिन्यांत नवी अर्धशिशी क्लोपिडोग्रेलवाल्यांत साडेनऊ टक्के आणि दुसऱ्या गटात जवळजवळ २२ टक्के निघाली. उपकरणावर बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, जमतात आणि तिथून काहीतरी मेंदूकडे जातं, असा त्याचा अर्थ लावतात.

एक वेगळी, साधी शक्यताही आहे: एकाच कुटुंबात पीएफओ आणि अर्धशिशी दोन्ही सोबत चालत येतात, एकामुळे दुसरं होतं असं नाही. काही घराण्यांत तसं दिसलंही आहे.

यापुढचं सगळं एका प्रश्नावर अवलंबून आहे: तुमची अर्धशिशी 'ऑरा'ची, म्हणजे डोकं ठणकण्याआधी नजरेची किंवा मुंग्यांसारखी लक्षणं येणारी आहे, की बिनऑराची? इटलीतल्या १९९९ सालच्या एका अभ्यासात ऑरा असलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांत पीएफओ सापडला, बिनऑराच्या अर्धशिशीत २३ टक्के आणि डोकेदुखी नसलेल्यांत २० टक्के. म्हणजे बिनऑराची अर्धशिशी असेल तर पीएफओ सापडण्याची शक्यता शेजाऱ्याइतकीच. अशा शंभर जणांचे एको नीट केले तर वीस-पंचवीस जणांत तो निघणारच, आणि तो निव्वळ योगायोग असेल. न्यूयॉर्कमधल्या वयस्क लोकसंख्येच्या अभ्यासात तर पीएफओ आणि अर्धशिशी यांचा काहीच संबंध दिसला नाही. दवाखान्यात आलेल्या निवडक रुग्णांत संबंध ठळक दिसतो आणि वस्तीत जाऊन मोजला की फिका पडतो, हे लक्षात ठेवायला हवं.

ऑरा म्हणजे काय, हे बारकाईने सांगतो, कारण इथेच सर्वात जास्त घोळ होतो. नजरेच्या मध्याजवळ एक छोटा डाग पडतो. वाचत असाल तर एखाद्या शब्दातलं मधलं अक्षर गायब होतं. काही मिनिटांत त्या डागाभोवती चमचमणारी, नागमोडी रेघ दिसू लागते, किल्ल्याच्या तटावरच्या कंगोऱ्यांसारखी. ती अर्धवर्तुळ होऊन हळूहळू कडेकडे सरकते, मोठी होत जाते आणि वीस-तीस मिनिटांत नजरेच्या कडेला जाऊन विरते. डोळे मिटले तरी दिसते. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा, तरी दोन्हींत एकाच बाजूला दिसते, कारण ती डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या भागात घडत असते. काहींना बोटांच्या टोकांपासून मुंग्या सुरू होऊन कोपराकडे चढतात आणि मग ओठ-जिभेच्या एका बाजूला येतात. काहींना शब्द सापडत नाहीत. प्रत्येक लक्षण ५ ते ६० मिनिटं टिकतं, आणि साधारण त्यामागून डोकं ठणकायला लागतं.

उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं हा ऑरा नाही. डोकं दुखत असताना उजेड सहन न होणं हाही ऑरा नाही, ते अर्धशिशीचंच लक्षण आहे. आपल्याकडे तर अर्धी अर्धशिशी 'पित्त' या नावाखाली खपून जाते. उन्हातून आलं, जेवायला उशीर झाला, डोकं एका बाजूने ठणकायला लागलं, उलटी झाली आणि बरं वाटलं, की 'पित्त पडलं' म्हणून विषय संपतो. मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीची ठरलेली लक्षणं आहेत आणि अनेकांचं दुखणं उलटीनंतर खरोखर ओसरतं. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांना योग्य औषध मिळतच नाही, याचं वाईट वाटतं. दुखणं ४ ते ७२ तास टिकत असेल, एका बाजूला असेल, ठणके मारत असेल, जिना चढल्यावर वाढत असेल, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास असेल आणि असे निदान पाच झटके येऊन गेले असतील, तर ते पित्त समजून सोडू नका.

आणखी एक, जिवाशी संबंधित. ऑरा हळूहळू पसरतो. अर्धांगवायूची लक्षणं क्षणात येतात. हाताची शक्ती एकदम गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा आयुष्यातली सर्वात जोराची डोकेदुखी एका मिनिटात शिगेला पोचली, तर अर्धशिशी समजून अंधाऱ्या खोलीत झोपू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

आता भोक बुजवण्याची गोष्ट, कारण आशा तिथूनच निर्माण झाली. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर विल्म्सहर्स्ट हे हृदयतज्ज्ञ खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांवर काम करत होते. वर येताना रक्तात तयार होणारे नायट्रोजनचे बुडबुडे पीएफओतून मेंदूकडे गेले तर डायव्हरला गंभीर त्रास होतो, म्हणून अशांचा पीएफओ उपकरणाने बुजवत. त्यांतल्या काहींनी नंतर सांगितलं की अर्धशिशीही गेली. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं: ऑपरेशनआधी अर्धशिशी असलेल्या २१ जणांपैकी १० जणांची पूर्ण थांबली, ८ जणांची कमी झाली. त्यानंतर अनेक ठिकाणांहून असेच आकडे आले आणि वाटलं की कोडं सुटलं.

मग खरी कसोटी लागली. ब्रिटनमधल्या 'मिस्ट' चाचणीत ऑरावाल्या १४७ रुग्णांची विभागणी झाली. निम्म्यांचा पीएफओ स्टारफ्लेक्स उपकरणाने बुजवला, उरलेल्यांना भूल देऊन जांघेत फक्त छेद घेतला. कुणाला काय केलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी अर्धशिशी पूर्ण थांबलेले किती? बुजवलेल्या ७४ जणांत ३, न बुजवलेल्या ७३ जणांत ३. २००८ साली हे आकडे छापून आले. या चाचणीची एक कडवट बाजूही आहे. विल्म्सहर्स्ट स्वतः तिचे एक प्रमुख संशोधक होते. अनेक रुग्णांत उपकरण बसवूनही गळती राहिली होती आणि ते नीट मांडलं गेलं नाही, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. उपकरण बनवणाऱ्या एनएमटी मेडिकल कंपनीने त्यांच्यावर इंग्लंडमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०११ साली कंपनीच बंद पडली आणि दावा तिथे संपला. एका डॉक्टरला विज्ञानातला प्रश्न विचारल्याबद्दल वर्षानुवर्षं कोर्टाचा धाक सोसावा लागला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्यानंतर चांगली उपकरणं वापरून दोन चाचण्या झाल्या. 'प्रिमा'मध्ये ऑरावाले १०७ रुग्ण होते. महिन्यातले अर्धशिशीचे दिवस बुजवलेल्यांत २.९ ने आणि फक्त औषधांवर असलेल्यांत १.७ ने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. अमेरिकेतल्या 'प्रीमियम'मध्ये २३० जण होते, आणि इथेही एका गटाला खोटी प्रोसीजर होती. झटके निम्म्याने कमी होणाऱ्यांचं प्रमाण बुजवलेल्यांत ३८.५ टक्के, खोट्या गटात ३२ टक्के. म्हणजे मुख्य कसोटीत पुन्हा अपयश. पण आकडे उलगडून पाहिल्यावर दोन गोष्टी निघाल्या. बुजवलेल्या गटात साधारण ८ ते ९ टक्के लोकांची अर्धशिशी पूर्ण थांबली होती, खोट्या गटात जेमतेम १ टक्क्याची. आणि ज्यांचे बहुतेक झटके ऑरासहित येत, त्यांच्यात फायदा होणारे ४९ टक्के विरुद्ध २३ टक्के होते.

खोट्या प्रोसीजरनंतरही तिसऱ्या हिश्शाच्या लोकांना निम्मा आराम पडला, हा आकडा मनात ठेवा. माणूस प्रोसीजरला तयार होतो तो त्रास अगदी टोकाला गेलेला असताना, आणि टोकावरून त्रास आपोआपही खाली येतो. शिवाय प्रोसीजरनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होतात, त्यांचाही परिणाम असू शकतो. सुरुवातीच्या अभ्यासांत हे सगळं भोकाच्या खात्यावर जमा झालं होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या हृदय-प्रोसीजर तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना, अर्धांगवायू झालेला नसेल तर केवळ अर्धशिशीसाठी पीएफओ सरसकट बुजवू नये, असं सुचवतात. माझंही मत तेच आहे. थोड्या लोकांना खरा फायदा होतो यावर माझा विश्वास आहे, पण ते थोडे लोक कोण, हे आधीच ओळखायची खात्रीची रीत आज कुणाकडे नाही.

पीएफओ आहे की नाही, हे साध्या एकोत अनेकदा कळत नाही. त्यासाठी बुडबुड्यांची तपासणी लागते, बबल स्टडी. ती सोपी आहे, पण घाईत केली तर उत्तर चुकतं. उजव्या हाताच्या कोपराच्या शिरेत २० गेजची सुई लावतात. मनगटावरची बारीक शीर नको. दोन १० मिलीच्या सिरिंज थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या तोटीला जोडतात. एकीत ८ मिली सलाइन, १ मिली हवा आणि रुग्णाच्याच शिरेतून ओढलेलं १ मिली रक्त. रक्तामुळे बुडबुडे जास्त बारीक आणि टिकाऊ होतात. मग या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये असं दहाएक वेळा जोरात मागेपुढे करतात. द्रव गढूळ, फेसाळ दिसायला लागतो. डोळ्याला वेगळा दिसणारा हवेचा मोठा बुडबुडा राहिला असेल तर तो काढून टाकायचा, आणि मग झटक्यात सगळं सोडायचं.

एकोच्या पडद्यावर उजवा कप्पा एकदम पांढरा होतो, धुकं भरल्यासारखा. हे बुडबुडे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून जाऊ शकत नाहीत, तिथेच विरतात. म्हणून डाव्या कप्प्यात एकही दिसायला नको. उजवा कप्पा भरल्यापासून तिसऱ्या ठोक्याच्या आत डावीकडे पांढरे ठिपके आले तर ते पडद्यातून आले, म्हणजे पीएफओ. पाच ठोक्यांनंतर, हळूहळू आणि बराच वेळ येत राहिले तर फुप्फुसातल्या थेट जोडणीचा संशय घ्यायचा. नाकातून वारंवार रक्त येतं का, घरात कुणाला तसं होतं का, हे तेव्हा विचारायलाच हवं. वीस-पंचवीसपेक्षा जास्त ठिपके आले तर गळती मोठी समजतात.

ही तपासणी फसते ती बहुधा कुंथण्यात. आधी शांत श्वासात एकदा, मग कुंथून एकदा अशी ती करायची असते. रुग्णाने तोंड आणि नाक बंद ठेवून पोटाने जोर लावायचा, साधारण दहा सेकंद, आणि उजवा कप्पा भरताना डॉक्टरांनी 'सोडा' म्हटलं की लगेच सोडायचं. दार उघडतं ते सोडताना. फक्त गाल फुगवले तर छातीतला दाब वाढतच नाही. सोडल्यावर मधला पडदा क्षणभर डावीकडे फुगलेला दिसला तर जोर पुरेसा लागला असं समजतात. तो दिसला नाही आणि रिपोर्ट 'पीएफओ नाही' असा आला, तर त्या 'नाही'ला फारशी किंमत नाही. घशातून नळी घालून करायच्या एकोत चित्र स्वच्छ मिळतं, पण गुंगीचं औषध दिलेला माणूस नीट कुंथू शकत नाही, त्यामुळे तिथेही छोटी वाट निसटते. तपासणीला जाण्याआधी घरी दोन-चारदा कुंथून सोडण्याचा सराव केला तर उपयोग होतो.

पण ही तपासणी सगळ्या अर्धशिशीवाल्यांनी करून घ्यावी का? नाही. उत्तर आलं तरी उपचार बदलणार नसेल, तर मिळणारी एकच गोष्ट म्हणजे काळजी. अर्धांगवायू किंवा त्याचा छोटा, चोवीस तासांत ओसरलेला झटका येऊन गेला असेल, ऑरा नेहमीपेक्षा वेगळा वाटत असेल, उभं राहिल्यावर ऑक्सिजनची पातळी घसरत असेल, किंवा खोल डायव्हिंगचा नाद असताना पाण्यातून वर आल्यावर लक्षणं दिसली असतील, तर ती नक्की करावी. तारकर्लीला किंवा गोव्यात सुट्टीत एखादी उथळ बुडी मारणाऱ्यांना यासाठी एको करत बसायची गरज नाही. खोल आणि वारंवार डाइव्ह करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे.

ऑरा असलेल्या बायकांनी पीएफओपेक्षा आधी बघायची गोष्ट म्हणजे गर्भनिरोधक गोळी. इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गोळी ऑरा असताना घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती अशा स्त्रियांसाठी वर्ज्य, म्हणजे चौथ्या श्रेणीत आहे. ऑरामुळे अर्धांगवायूचा धोका साधारण दुप्पट होतो. तरुण वयात मुळात तो फार कमी असतो, पण त्यात इस्ट्रोजेन आणि सिगरेट मिसळली की तो कितीतरी चढतो. पाळी नियमित करायला म्हणून दिलेल्या गोळ्यांतही बहुधा इस्ट्रोजेन असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना 'मला डोळ्यांपुढे नागमोडी रेघा येतात' एवढं एक वाक्य सांगितलं तर त्या दुसरा पर्याय देतात. ते वाक्य कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

अर्धशिशीचा उपचार मात्र मुळापासून करायला हवा, आणि भोकाकडे वळण्याआधी तो खरंच झालाय का हे तपासायला हवं. कॅलेंडरवर रोज खूण करा: दुखलं का, किती तास, ऑरा होता का, कोणती गोळी घेतली. महिन्याला १५ दिवसांपेक्षा जास्त साधी वेदनाशामक, किंवा १० दिवसांपेक्षा जास्त ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरची खास औषधं) अथवा मिश्र गोळ्या होत असतील, तर त्या गोळ्याच डोकेदुखी चालू ठेवतात. कॅफिन मिसळलेल्या गोळ्यांत हे फार दिसतं. झटक्याची गोळी दुखणं हलकं असतानाच घ्यायची, शिगेला पोचल्यावर पोट तिला पुढे सरकवत नाही. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही झटके कमी करणारी रोजची औषधं पुरेशा डोसवर आठ ते बारा आठवडे घेतल्याशिवाय 'लागू पडली नाहीत' असं म्हणता येत नाही. दहा दिवसांत सोडून दिलेलं औषध मोजायचंच नाही. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल नको, आणि मूल हवं असेल तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट नको, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा अर्धांगवायू झालेला असेल तर ट्रिप्टानही चालत नाहीत.

पीएफओ बुजवण्याला भक्कम आधार आहे तो दुसऱ्याच कारणासाठी: साठीच्या आतल्या माणसाला अर्धांगवायू झाला, इतर सगळी कारणं शोधूनही सापडली नाहीत आणि पीएफओची गळती मोठी आहे किंवा मधला पडदा सैल होऊन हलतोय. फ्रान्समधल्या 'क्लोज' चाचणीत अशा २३८ जणांचा पीएफओ बुजवला, आणि सरासरी पाच-सव्वापाच वर्षांत एकालाही पुन्हा अर्धांगवायू झाला नाही. फक्त गोळ्यांवर असलेल्या २३५ जणांपैकी १४ जणांना झाला. जांघेच्या शिरेतून नळी वर नेतात, दोन चकत्या मध्ये कमरपट्ट्यासारख्या जोडलेल्या असतात, एक डाव्या बाजूला उघडायची आणि दुसरी उजव्या. बहुतेकांना २५ मिलिमीटरचं उपकरण पुरतं. जाळी निटिनॉलची असते, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमची, त्यामुळे नकली दागिन्यांनी कान चिघळत असतील तर निकेलची ॲलर्जी आधी सांगायची. शंभरातल्या पाच-सहा जणांना पुढे ठोके अनियमित होतात, बहुतेकांत पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, आणि बहुधा ते निवळतं.

अशांपैकी कुणाला अर्धशिशीही असेल तर पहिले काही आठवडे ऑरा उलट वाढू शकतो. उपकरण बिघडलं असं समजून घाबरू नये, पण डॉक्टरांना कळवावं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ठरवून दिलेल्या काळाआधी स्वतःहून बंद करू नये, त्या काळात दाताचं काम करायचं असेल तर दंतवैद्याला उपकरणाची कल्पना द्यावी. सहा महिन्यांनी बबल स्टडी पुन्हा करून घ्यावी, आणि त्या वेळीही कुंथून करावी, कारण उरलेली छोटी गळती शांत श्वासात दिसत नाही.